वीस मिनिटांचा हिशेब

वेळ फुकट घालवू नये, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फुकट कशाला म्हणायचे, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. ज्याचा उपयोग आहे ते करावे, ज्याचा नाही ते सोडून द्यावे, एवढ्यावर बहुधा बोलणे संपते. मी एकतीस वर्षे हायस्कूलमध्ये शिक्षक होतो. हे उत्तर मी शेकडो मुलांना दिले आणि देताना मला कधी शंका आली नाही. ती शंका निवृत्तीनंतर आली. ती कशी आली हे सांगायचे तर एका इंग्रज संपादकाची आणि पियानोवरच्या एका अवघड रचनेची हकीकत आधी सांगावी लागेल. माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्टही त्यातच आहे, पण ती शेवटी.

अ‍ॅलन रसब्रिजर हे १९९५ ते २०१५ अशी वीस वर्षे लंडनच्या 'गार्डियन' या दैनिकाचे संपादक होते. लहानपणी ते पियानो शिकले होते. पुढे वर्तमानपत्राच्या धबडग्यात ते मागे पडले आणि बऱ्याच वर्षांनी हौसेखातर पुन्हा सुरू झाले. २०१० च्या उन्हाळ्यात ते फ्रान्समध्ये हौशी पियानोवादकांच्या एका शिबिराला गेले. तिथे त्यांच्यासारख्याच एका हौशी माणसाने शोपाँची 'जी मायनर'मधली पहिली बॅलड वाजवून दाखवली. ही रचना वाजवताना व्यावसायिक वादकांनाही धास्ती वाटते. रसब्रिजर यांनी मनाशी ठरवले, की वर्षभरात आपणही ही शिकायची. तेव्हा त्यांचे वय ५६ होते. हाताशी वेळ होता तो सकाळी कामाला लागण्यापूर्वीचा, रोज सुमारे वीस मिनिटे. या खटाटोपावर त्यांनी पुढे एक पुस्तक लिहिले. ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

ही बॅलड काय आहे, हे थोडक्यात सांगायला हवे. बॅलड म्हणजे मुळात कथा सांगणारे काव्य, आपल्या पोवाड्याच्या नात्यातले. शब्दांविना नुसत्या पियानोच्या रचनेला हे नाव शोपाँनेच पहिल्यांदा दिले असे मानतात. शोपाँ पोलंडचा. नोव्हेंबर १८३० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने वॉर्सा सोडले. त्याच महिन्याच्या अखेरीस तिथे रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि पुढच्या वर्षी तो चिरडला गेला. शोपाँ पॅरिसमध्ये स्थिरावला. १८४९ मध्ये तो तिथेच वारला, मायदेशी परत गेला नाही. ही बॅलड १८३६ मध्ये छापली गेली. तिच्यात कोणती कथा आहे हे त्याने कुठे लिहून ठेवले नाही. ऐकणाऱ्याला एवढे मात्र जाणवते, की कुणीतरी हळू आवाजात काही सांगायला सुरुवात करतो, मध्येच गहिवरतो, पुन्हा सावरतो आणि शेवटी त्याचा तोल सुटतो.

वाजवायला ही रचना नऊ-दहा मिनिटांची. पहिले पान पाहून नवशिक्यालाही वाटते, की हे जमेल. खरी परीक्षा शेवटच्या दीड-दोन मिनिटांची. तिथे शोपाँने इटालियन भाषेत सूचना लिहिली आहे, तिचा अर्थ 'अतिजलद आणि आगीसह'. उजव्या हाताने एकाच वेळी दोन-तीन पट्ट्या दाबत झेपा घ्यायच्या. डावा हात खालच्या स्वरावरून वरच्या स्वरसमूहावर उडी मारून परत यायला हवा. हे सगळे इतक्या वेगाने, की डोळ्याला दोन्ही हात एकदम पाहता येत नाहीत. कुठल्या तरी एका हातावर आंधळा विश्वास टाकावाच लागतो.

अशी रचना शिकतात कशी? ज्यांनी कधी पियानोला हात लावला नाही त्यांनीही हे समजून घ्यावे, कारण ही पद्धत फक्त संगीताची नाही. आधी एक हात, मग दुसरा, मग दोन्ही. प्रत्येक स्वरावर कोणते बोट पडणार हे ठरवून कागदावर पेन्सिलीने आकडा लिहायचा. अंगठा एक, करंगळी पाच. मग इतक्या संथपणे वाजवायचे, की चूक व्हायला वावच राहू नये. कारण हाताला चूक आणि बरोबर यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त पुनरावृत्ती कळते. चुकीचे बोट दहा वेळा पडले, की हाताच्या लेखी तेच बरोबर होऊन बसते आणि ते पुसायला शंभर वेळा बसावे लागते. घाईत शिकलेले विसरायला लागणारा वेळ हा शिकण्याच्या वेळेपेक्षा नेहमी जास्त असतो.

दुसरी अडचण स्मरणाची. हाताला सवयीने पाठ झालेले आणि माणसाला समजून पाठ झालेले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या शाळेत मुले पाढे म्हणत. सतराचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला 'सतरा साते किती?' असे मधूनच विचारले, की तो मनातल्या मनात 'सतरा एके'पासून सुरुवात करी. हाताच्या स्मरणाचे असेच असते. मध्ये कुठे तुटले, की पहिल्यापासून निघावे लागते, आणि ऐकायला बसलेल्यांसमोर पहिल्यापासून निघता येत नाही. म्हणून ही बॅलड शिकणाऱ्याला तिची बांधणी कळावी लागते. कुठला स्वरसमूह कुठून निघाला, तो कुठे परततो, मधली शांत सुरावट दुसऱ्यांदा येते तेव्हा तिचा आवाज एवढा का चढलेला असतो, हे सारे. पन्नाशी उलटल्यावर नवे काही लक्षात राहते का, या काळजीने रसब्रिजर मेंदूच्या अभ्यासकांकडेही गेले. उतारवयातही मेंदू नव्या वाटा पाडू शकतो, फक्त त्याला चिकाटी लागते, असा दिलासा त्यांना मिळाला.

'रियाज' हा शब्द आपल्याकडे अरबीतून, फारसी-उर्दूच्या वाटेने आला. अरबीतल्या त्याच्या मूळ धातूचा एक अर्थ शिंगराला वळण लावणे, त्याला माणसाळवणे असा आहे. मला हा अर्थ फार योग्य वाटतो. शिंगराला मारून वळण लागत नाही आणि लाडावूनही लागत नाही. रोज ठरल्या वेळी त्याच्याजवळ जावे लागते. 'हौस' हा शब्दही तिकडचाच. उर्दूत 'हवस' म्हटले की लोभ आणि वासना आठवते. मराठीत येता येता त्याच शब्दाची 'हौस' झाली आणि ती निरागस झाली. मला वाटते, हवसेची हौस व्हायची असेल तर मध्ये रियाज यावा लागतो.

आता नैतिक प्रश्नाकडे येतो. रसब्रिजर यांनी हे शिकायला घेतले ते वर्ष साधे नव्हते. जुलै २०१० मध्ये 'गार्डियन'ने विकिलीक्सकडून मिळालेली अफगाण युद्धाची गुप्त कागदपत्रे छापली. ऑक्टोबरमध्ये इराक युद्धाची आणि नोव्हेंबरच्या अखेरीस अमेरिकी वकिलातींचे गुप्त अहवाल छापायला सुरुवात झाली. जुलै २०११ मध्ये फोनचोरीचे प्रकरण पेटले आणि त्यात 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे जुने साप्ताहिक बंद पडले. या दोन्हींच्या मध्ये, मार्च २०११ मध्ये, 'गार्डियन'चे इराकी पत्रकार गैथ अब्दुल अहद यांना लिबियात गद्दाफीच्या माणसांनी पकडून ठेवले. त्यांच्या सुटकेसाठी रसब्रिजर स्वतः त्रिपोलीला गेले. तिथल्या हॉटेलात एक पियानो होता. त्या दिवसांतही ते त्याच्यापुढे बसले.

हे वाचताना मी थबकलो. आपला सहकारी तुरुंगात, बाहेर युद्ध पेटलेले, आणि हा माणूस पियानोच्या पट्ट्यांवर बोटे फिरवतो आहे? माझ्यातला शिक्षक लगेच म्हणाला, ही चैन आहे, कदाचित बेपर्वाईही. पण थोडे थांबून विचार केला तेव्हा दिसले, की ते त्रिपोलीला गेले होते. पियानोसाठी त्यांनी जाणे टाळले नव्हते. दोन भेटींच्या मध्ये, निरोपाची वाट पाहण्यात जो वेळ गेला असता, तो त्यांनी तिथे घालवला. अब्दुल अहद यांची सुटकाही झाली. ती झाली नसती तरी त्या वीस मिनिटांनी ती अडली होती असे म्हणता आले नसते.

म्हणजे 'याचा उपयोग काय?' यापेक्षा वेगळा प्रश्न विचारायला हवा. हा वेळ कोणाच्या वाट्याचा आहे? आजारी आईच्या औषधाच्या वेळेतून काढलेला असेल, नोकरीवर ज्याचा पगार घेतला त्या तासातून चोरलेला असेल, घरातल्या दुसऱ्या कुणाला राबवून मिळवलेला असेल, तर बॅलड कितीही सुंदर वाजली तरी तो हिशेब चुकला. आपल्या घरांत पुरुषांची हौस बहुधा बायकांच्या वेळावर पोसली जाते, हेही इथेच कबूल केले पाहिजे. पण तो वेळ खरोखर आपल्या वाट्याचा असेल, तर त्याच्या उपयोगाचा जाब विचारायचा अधिकार कोणाला आहे?

दुसरा आक्षेप कलावंतांच्या बाजूने येतो आणि तो जास्त टोकदार आहे. जे आपल्याला उत्तम जमणार नाही त्याला हात लावूच नये, असे म्हणणारे लोक आहेत. याचे सर्वांत कठोर उदाहरण मला मुंबईशी नाते असलेल्या एका संगीतकारात सापडते. कैखुश्रू शापुरजी सोराबजी यांचे वडील मुंबईचे पारशी अभियंता, आई इंग्रज. जन्म १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये, सारे आयुष्यही तिकडेच गेले. १९३० मध्ये त्यांनी 'ओपस क्लॅव्हिचेम्बालिस्टिकम' नावाची पियानोरचना पूर्ण केली. सुमारे अडीचशे पानांची ही रचना वाजवायला चार तासांच्या वर वेळ लागतो. त्याच वर्षी डिसेंबरात ग्लासगो येथे ती त्यांनी स्वतः वाजवली. पुढे १९३६ मध्ये लंडनला दुसऱ्या एका वादकाने तिचा काही भाग वाजवला. तो सोराबजींना मुळीच पसंत पडला नाही. त्यानंतर १९७६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, आपल्या रचना कुणी जाहीरपणे वाजवू नयेत अशी त्यांची भूमिका राहिली. वाईट वाजवण्यापेक्षा न वाजवलेले बरे, हा त्यामागचा विचार.

या भूमिकेत एक इमान आहे, ते मी नाकारत नाही. कष्ट न करता कलावंत म्हणून मिरवणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. चार गझला वाचून गझलकार झालेले आणि दोन पुस्तके चाळून विचारवंत झालेले आपल्याही संमेलनांत भेटतात. अशांना सोराबजींचा दरारा हवाच. पण त्या चाळीस वर्षांत ती अडीचशे पाने कपाटात गप्प पडून होती. १९८२ मध्ये ती रचना पुन्हा पूर्ण वाजली ती कुणीतरी अपुरेपणाची जोखीम पत्करली म्हणूनच. पूर्णत्वाचा आग्रह स्वतःपुरता असतो तेव्हा ती साधना असते. तोच दुसऱ्याच्या दारावर कुलूप म्हणून लावला, की त्याचा अहंकार होतो. शिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

कुणी म्हणेल, संगीताने माणूस चांगला होतो, एवढा उपयोग पुरेसा नाही का? हे सोपे उत्तर मला पटत नाही. शोपाँची हीच बॅलड २००२ च्या 'द पियानिस्ट' या चित्रपटात आहे. पोलिश रेडिओवरचा ज्यू पियानोवादक व्लाडिस्लाव श्पिलमान वॉर्साच्या उद्ध्वस्त घरांत लपून राहिला होता. नोव्हेंबर १९४४ मध्ये विल्म होझनफेल्ड या जर्मन अधिकाऱ्याने त्याला शोधले आणि वाजवायला सांगितले. चित्रपटात तो ही बॅलड वाजवतो. स्वतः श्पिलमानने आठवणींत लिहिले आहे ते शोपाँच्याच एका लहान नॉक्टर्नबद्दल. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने सराव केला नव्हता. बोटे ताठरली होती, नखे वाढली होती, पियानो बेसूर होता. तरी तो वाजवू शकला. त्या अधिकाऱ्याने त्याला अन्न आणि कोट दिला, त्याचे प्राण वाचले. होझनफेल्ड पुढे १९५२ मध्ये सोव्हिएत कैदेत वारला.

ही गोष्ट ऐकून डोळे भरून येतात. पण ज्या सैन्याने श्पिलमानचे कुटुंब ट्रेब्लिंकाच्या छावणीकडे पाठवले, त्या सैन्यातही संगीताचे जाणकार होतेच. संगीताने ते थांबले नाहीत. होझनफेल्डने त्याआधीही इतरांना मदत केली होती. त्याचा चांगुलपणा त्या संध्याकाळी पियानोतून निघालेला नव्हता. तेव्हा कलेने माणूस आपोआप सुधारतो, हा भाबडेपणा सोडलेला बरा. मला त्या प्रसंगात दिसते ते वेगळे. घर गेले, माणसे गेली, नाव उच्चारायची सोय राहिली नाही. उरले फक्त पूर्वीच्या हजारो तासांनी बोटांत साठवलेले काहीतरी. ते तास घालवताना त्यांचा असा उपयोग होईल हे कोणाला ठाऊक होते?

मग त्या संपादकाच्या वीस मिनिटांतून निघाले काय? वर्षाची मुदत पाळता आली नाही, सुमारे सोळा महिने लागले. डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी ओळखीच्या लोकांसमोर ती बॅलड वाजवली. मोठ्या वादकांसारखी ती वाजली नाही आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की दिवसभर ज्याच्या शब्दाला वजन आहे, ज्याच्या अंकाची मंत्री धास्ती घेतात, असा माणूस रोज सकाळी अशा ठिकाणी बसत होता जिथे त्याच्या पदाला काडीची किंमत नव्हती. शोपाँच्या ओळीला वशिला चालत नाही. तिला दरडावता येत नाही, तिची खुशामतही करता येत नाही. काल जमले नाही ते आज का जमले नाही, याचे कारण दुसऱ्यावर ढकलता येत नाही. दिवसातून वीस मिनिटे इतके खरे वागायला मिळणे, हे मी आता कमी मानत नाही. अवघड गोष्ट आपल्याला थोर बनवत नसेल, पण आपण नेमके कुठे उभे आहोत एवढे ती दाखवते.

इथे एक वाचक मला अडवेल आणि त्याने अडवावेच. लंडनच्या संपादकाला हे परवडते. त्याच्या घरी पियानो आहे, शिकवायला गुरू आहेत, जगातल्या नामवंत वादकांना प्रश्न विचारायची सोय आहे. आमच्या मोहल्ल्यात दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे राहतात. तिथे बिनउपयोगाचे कष्ट ही कोणाची मिजास? हा आक्षेप खरा आहे. दीर्घकाळ मी त्याच आक्षेपाच्या बाजूने उभा होतो. आता त्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो.

दहावीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील हमाली करत. त्याच्या मामाची लग्नातली बँडपार्टी होती आणि तिथला एक जुना कॅसिओ त्याच्या हाती लागला होता. गावातल्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे तो संध्याकाळी जाई. त्यांनी त्याला बीथोव्हेनच्या 'फ्यूर एलीझ'ची झेरॉक्स दिली होती. तिचा पहिला भाग सगळ्यांच्या कानावर असतो, तो त्याला येत होता. मधला भाग, जिथे बोटे एकदम पळू लागतात, तो अडला होता. एकदा त्याने मला विचारले, "सर, शनिवारच्या जादा तासातून अर्धा तास लवकर जाऊ का? तेवढं जमलं की झालं." मी म्हणालो, "बेटा, याने पोट भरणार आहे का? आधी गणित बघ." तो "जी सर" म्हणाला आणि जाऊन बसला. पुढे त्याने पुन्हा विचारले नाही.

मी चुकीचे सांगितले असे अजूनही म्हणवत नाही. त्याला गणिताची गरज होती. तो पास झाला, आयटीआय झाला, आज त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी फोन दुरुस्त करायला गेलो तेव्हा त्याने उठून सलाम केला, चहा मागवला, पैसे घ्यायला तयार होईना. म्हणाला, "सर, तुमच्यामुळे मार्गी लागलो." मला राहवले नाही. विचारले, "ते बीथोव्हेनचं वाजवायचास ना, तो मधला भाग जमला का रे पुढे?" तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग हसून म्हणाला, "कुठला मधला भाग, सर?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तो खरोखरच विसरला होता, आणि मला तेच जास्त लागले. मी त्याला अर्धा तास नाकारला तेव्हा तो वेळ कोणाच्या वाट्याचा होता? शाळेचा नव्हता, जादा तास मीच लावला होता. त्याच्या वडिलांचाही नव्हता. तो त्याचा होता. गरिबाच्या पोराला बिनउपयोगाचे काही करायची मुभा नाही, हे मी गरिबीच्या वतीने ठरवून टाकले, आणि गरिबीने मला तसे सांगितले नव्हते. गणित आणि तो मधला भाग, दोन्हींना पुरेल एवढा शनिवार मोठा होता.

आपल्या समाजात शिक्षणाची ओढ वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे. मुले डॉक्टर होत आहेत, मुली स्पर्धा परीक्षांना बसत आहेत. परंतु आपण त्यांच्या प्रत्येक तासाला पावती मागू लागलो आहोत. कुणी चित्र काढते, कुणी बुद्धिबळाचे डाव लिहून ठेवते, कुणी जुनी लिपी शिकते, आणि घरातले मोठे माणूस विचारते, याने काय होणार? बहुधा काहीच होणार नाही. तरीही कुणा मुलामुलीने असे काही अवघड हाती धरलेले दिसले, तर उपयोग विचारण्याआधी आपण एवढेच पाहावे, की तो वेळ त्याचा स्वतःचा आहे का. असेल, तर दार लोटून घ्यावे आणि त्याला वीस मिनिटे बसू द्यावे.